तिघांची बादली

५ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. वही विकत आणलेली नाही. अकरावीची केमिस्ट्रीची आहे. पहिली काही पानं भरलेली, पुढे सगळी कोरी. तेव्हा सर त्यावरून काय काय बोलले. मी कागद वाचवत होतो हे त्यांना कुठे माहीत.

संकल्प: या घरातला कचरा बंद. कमी नाही, बंद.

कारण लिहून ठेवतो. आई रविवारी मावशीकडे राहायला गेली. ती निघाली तेव्हा दारात कचऱ्याची बादली आडवी पडली होती. मांजराने पाडली. मी फक्त मांजराला घरात घेतलं होतं, आणि तेही समोरच्या काकूंच्या गॅलरीत सोडून गंमत बघायला. आई त्या पसाऱ्याकडे बघत उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, पुरे झालं, मला आता तुमचा कचरा निस्तरायचा नाही. बॅग उचलली आणि गेली.

बाबा म्हणतात, राहू दे तिला जरा तिच्या मनाने. आता यात मन कुठे आलं? माणूस इतकं स्पष्ट सांगून गेलंय. प्रॉब्लेम कचरा. कचरा गेला की आई परत.

शिवाय तिचं शिलाई मशीन खिडकीपाशी तसंच आहे. मशीन मागे ठेवून कोणी कायमचं जातं का? चार दिवसांची गोष्ट.

५ मार्च, रात्र

मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघितले. एकदम सोपं आहे. सगळं घरी बनवायचं, की झालं. एक बाई तर वर्षभराचा कचरा काचेच्या बरणीत मावतो म्हणून दाखवत होती. मी आई येईपर्यंत पेल्यावर आणतो.

आजचा कचरा: बादली भरून वर. ही शेवटची.

७ मार्च

टूथपेस्टच्या ट्यूबा कचऱ्यात जातात. म्हणून घरगुती मंजन. कोळसा कुटला, मीठ घातलं, बरणीत भरलं. बाबांची पेस्ट लपवली. माणसाला जुनं हाताशी असलं की तो नवं शिकत नाही.

बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. एका खोलीचा. पासपोर्ट फोटो थांबा आणि घेऊन जा. बारावीचा निकाल लोक विसरेपर्यंत मीही तिथेच बसतो आणि फोटो कापतो. आज एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी काही हसेना. बाबा कॅमेऱ्यामागून डोकं काढून म्हणाले, हस बघू अशी, आणि स्वतः हसून दाखवलं.

पोरगी जी किंचाळली, ती स्टुलावरून उतरून पडद्यामागे. ती बाई तिला ओढतेय, पडदा फाटतोय, बाबा अजून हसतायत. मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या आरशात पाहिलं. दात असे, की रात्री लाइट गेलेली बिल्डिंग.

मी पोट धरून बाहेर पळालो. आई असती तर तिलाही हसू आवरलं नसतं. आधी मला धपाटा, मग हसू.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, पेस्ट कुठंय. मी दिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हल्ली ते ओरडतच नाहीत.

९ मार्च

कचऱ्याच्या गाडीवर नवा माणूस आलाय. दारोदार विचारत होता, या घरात किती माणसं. म्हटलं तिघं. त्याने आत डोकावून पाहिलं. म्हटलं, एक जण बाहेरगावी आहे, पण तिघंच धरा.

बादली अर्ध्यावर आली. म्हणजे नेमकी अर्धी नाही, पायाने दाबली.

बाबांनी खाऱ्या बिस्किटांचा पुडा आणला. ही बिस्किटं फक्त आई खाते, आम्हा दोघांना लाकडाच्या भुशासारखी लागतात. मी म्हटलं, बाबा, वेष्टनाचा कचरा आहे हा, खाणार कोण. ते म्हणाले, असू दे, लागेल. फळीवर ठेवला.

११ मार्च

संत्र्याच्या सालींपासून फरशी पुसायचं लिक्विड. साली, साखर, पाणी, बाटली. उन्हात ठेवायचं. घरात ऊन फक्त मशीनवर येतं, म्हणून तिथे ठेवली. व्हिडिओतली बाई सारखी सांगत होती की झाकण रोज थोडं सैल करा. कशाला? वास येईल घरभर. घट्ट लावलं. पकडीने आवळलं.

आईला फोन केला. कचऱ्याचं सांगितलं नाही, सरप्राइज आहे. विचारलं कधी येतेस. ती म्हणाली, एक तारखेनंतर बघू.

एक तारीख पक्की झाली.

१४ मार्च

आजचा कचरा: शून्य!

यावर थोडं खरं लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे. दोन दिवस आपली पिशवी समोरच्या काकूंच्या बादलीत जातेय. यात फसवणूक नाही. मी म्हटलं होतं या घरातला कचरा बंद. तो या घरातून बंदच झाला.

१५ मार्च

काकूंनी जिन्यात गाठलं. हातात बाबांचं दाढीचं ब्लेड, चिमटीत धरलेलं. म्हणाल्या, काय रे कार्ट्या, माझ्या घरात मी आणि माझ्या दोन मुली, यातली दाढी कोण करतं ते सांग, म्हणजे मी तिचं नाव आखाड्यात घालते.

मी म्हटलं, काकू, मांजर.

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं कान धरतील. त्यांनी विचारलं, जेवतोस का रे नीट? मी म्हटलं, हो, झकास. मग विचारलं, आईशी बोलणं झालं का. म्हटलं, एक तारखेला येतेय. काकू म्हणाल्या, असं? आणि ब्लेड माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन गेल्या.

या बायकांना दुसऱ्याच्या घरचं चांगलं बघवत नाही.

१७ मार्च

स्टुडिओत डोळे मिटलेले, मान वाकडी आलेले फोटो वाया जातात. त्यांचे चौकोन चिकटवून पाकिटं बनवली. प्लास्टिकचं पाकीट बंद. गिऱ्हाइकाला फोटो द्यायचा तो या पाकिटात.

पहिलं पाकीट एका जावयाला मिळालं. त्यावर त्याची सासू, डोळे मिटलेली, तोंड उघडं. तो खूश. अजून दोन मागत होता. दुसरं तसलंच पाकीट त्याच सासूला मिळालं.

बाबांनी उरलेली पाकिटं फाडून टाकली. तेवढा कचरा आज स्टुडिओचा, घराचा नाही.

येताना बाबांनी पुन्हा त्याच बिस्किटांचे दोन पुडे घेतले. आता तीन पुडे झाले. बंदच आहेत, त्यामुळे कचऱ्यात धरत नाही.

१९ मार्च

बाटली फुटली.

मी आत होतो. आधी आवाज, मग छतावरून ठिबकतंय. काकूंना वाटलं सिलिंडर. त्यांनी खाली पळून अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच बंद केला. सगळे जिन्यात, एक आजोबा टॉवेलवर. मी म्हटलं, घाबरू नका, संत्रं आहे. आजोबा जे काही बोलले ते केमिस्ट्रीच्या वहीत लिहिण्यासारखं नाही.

झाकण छताला, पाणी सगळं मशीनवर. चिकट. चाकात, सुईच्या वरच्या भागात, ड्रॉवरमध्ये, सगळीकडे. ओल्या फडक्याने पुसलं. मग तेल ओतलं. आई मशीनला तेल घालायची एवढं मला आठवतं. कोणतं, ते आठवत नाही. स्वयंपाकाचं घातलं, भरपूर.

आता चाक फिरत नाही. आई आली की बघेल.

२२ मार्च

मावशीकडे गेलो. न सांगता. सोबत मी केलेला साबण: उरलेल्या साबणांचे तुकडे वितळवून वडी पाडली. रंग ठीक नाही, पण साबण आहे.

दार आईने उघडलं. केस कापलेत. बरी दिसते. एका शिवणाच्या वर्कशॉपमध्ये काम धरलंय, म्हणाली. तिथून आत्ताच आलेली. मावशीही ऑफिसातून आत्ताच आलेली. दोघी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, बाहेरून आणलेलं जेवण मध्ये ठेवून. कागदी ताटल्या, कागदी कप, लाकडी चमचे. कोपऱ्यातली बादली तर काय, अशाच ताटल्यांनी ओसंडून वाहतेय. आमची कधी इतकी भरली नसेल.

मी म्हटलं, आई, हे सगळं कचऱ्यात जातं.

ती म्हणाली, जाऊ दे ना. आणि शाळा बुडवून आल्यासारखी हसली. म्हणाली, एक भांडं घासत नाही रे मी इथे. मावशी म्हणाली, पहिले दोन दिवस ताटल्या धुऊन वाळत घालत होती तुझी आई, मी हात धरला तिचा. आई म्हणाली, सवय, दुसरं काय. इतकी वर्षं काहीच टाकलं नाही मी. पिशव्या धुऊन वाळवल्या, फाटक्या चादरींची पायपुसणी केली, तुझ्या बाबांच्या पँटींच्या तुझ्या केल्या.

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे पँट माहीत होती.

साबण दिला. तिने वास घेतला, खूश झाली. विचारलं, खरंच तू केलास? म्हटलं, सगळं घरी बनवतो आता. तू ये, बघ तरी, तुला एक वस्तू विकतची दिसणार नाही. तिने विचारलं, कोणत्या पातेल्यात वितळवलास? म्हटलं, दुधाच्या. तिने विचारलं, घासलं कोणी मग ते?

पातेलं अजून सिंकमध्येच आहे.

आईने साबण कागदात गुंडाळला, उशाशी ठेवला. बराच वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. मावशी उठून उगाचच आत गेली.

पण एक लक्षात घ्यायला हवं. तिने पातेल्याची चौकशी केली. जिला यायचंच नाही ती पातेल्याचं कशाला विचारेल?

२३ मार्च

पातेलं घासलं. साबण भांड्याला इतका चिकटतो हे कोणी सांगितलं नव्हतं. हात सोलला. सगळी भांडी घासली. झाल्यावर बघतो तर बाबांनी चहाचा कप आणून ठेवलेला. घासलेल्यावर पुन्हा कप. मला इतका राग आला.

मग तोही घासला.

२८ मार्च

आजचा कचरा: शून्य. या वेळी खरोखर. काकूंची बादली तपासू शकता.

बनवलं काहीच नाही. बाबा जेमतेम एक पोळी खातात. मी स्टुडिओतच काहीतरी खातो. साली निघत नाहीत, डबे उघडत नाहीत. गाडीवाला रिकामी बादली हलवून बघत होता. मी छाती पुढे काढून उभा राहिलो.

३१ मार्च

आईचा फोन! उद्या येतेय! म्हणाली, सकाळी टेम्पो घेऊन येते, घरी थांब, उचलायला हात लागेल.

टेम्पो कशाला, तर सामान वाढलं असेल तिकडे. बायकांचं वाढतंच. बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, बरं. मग उठून दाढी करायला गेले. रात्रीची दाढी!

फरशी दोनदा पुसली. मंजन फेकून दिलं. मांजराला ताकीद दिली.

१ एप्रिल

टेम्पो रिकामा आला.

आईसोबत वर्कशॉपमधली एक बाई आणि ड्रायव्हर. आई आत आली, घर बघितलं, म्हणाली, किती स्वच्छ ठेवलंस रे. मी बादली दाखवली. तळ दिसत होता. ती म्हणाली, शहाणा माझा. मग खिडकीपाशी गेली.

आज एक एप्रिल आहे हे मला तेव्हाच आठवलं. मी दर वर्षी या दिवशी सगळ्यांना रडकुंडीला आणतो, मला कोण फसवणार. म्हणून मी हसत उभा राहिलो. म्हटलं बघू, किती ताणतात.

आईने चाक फिरवून बघितलं. फिरेना. तिने खुर्ची ओढली, बसली, वरचं झाकण उघडलं, आत बोटाने चाचपलं, वास घेतला. विचारलं, संत्रं? म्हटलं, हो. आणि तेल? म्हटलं, स्वयंपाकाचं. ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मी पण हसलो. बाबासुद्धा. तिघं हसत होतो. मला वाटलं, झालं, आता म्हणेल फसलास.

तिने डोळे पुसले. ड्रायव्हरला म्हणाली, वर्कशॉपमध्ये साफ होईल, घ्या उचलून.

एका बाजूने मी धरलं, एका बाजूने बाबांनी. जिना अरुंद आहे. प्रत्येक वळणावर बाबा म्हणत होते, सावकाश, तिला लागेल. मशीनला म्हणत होते बहुतेक. काकू दारात उभ्या होत्या.

टेम्पोत मागे बसताना आई म्हणाली, रविवारी ये जेवायला. भांडी घासायची नाहीत तिकडे, घाबरू नकोस.

टेम्पो कोपऱ्यावर वळला. तरीही मी थांबलो थोडा वेळ. लोक कधी कधी कोपऱ्यावरून परत येतात, मजा करून.

१ एप्रिल, संध्याकाळ

मशीनच्या जागी फरशीवर चार डाग. बाबांनी चहा केला. फळीवरून बिस्किटांचा पुडा काढला आणि फोडला. मी बघत राहिलो. त्यांनी दोन माझ्या बशीत ठेवली, दोन स्वतः घेतली. भुशासारखीच लागली. खाल्ली.

वेष्टन त्यांनी बादलीत टाकलं. कप मी घासायला घेतले, तर म्हणाले, राहू दे, मी घासतो.

२ एप्रिल

गाडी आली. बादली दिली. आत ते एकच वेष्टन.

गाडीवाला म्हणाला, काय हो, मोकळंच असतं तुमचं, राहता ना इथे? माझ्याकडे तिघं धरलीत.

म्हटलं, दोघं धरा.