तानाबाईंचा फोन काढण्याबाबत

दि. ९ ऑगस्ट १९९९

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
दूरध्वनी केंद्र, कोल्हापूर.

विषय : एकाच फोनवरून गल्लीत दिलेले जादा जोड, विशेषतः तानाबाईंचा, तोडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले लाइनमन आकाराम यांनी काल शिडीवरून केलेली तोंडी कानउघाडणी.

महोदय,

१. अर्जदार बाळासो हंबीरराव साळोखे, रा. शिवाजी पेठ, पिठाची गिरणी चालवतो. गल्लीतला पहिला फोन अर्जदाराकडे आला आणि गल्लीने तो आपलाच मानला. कोणाचाही फोन आला की पट्टा थांबवून, पिठाच्या अंगाने हाका मारत पळावे लागे. त्याला कंटाळून अर्जदाराने वायर आणि क्लिपवाल्या पिना आणल्या व विनापरवाना पाच घरांत एकेक फोन बसवून दिला. ही हौस अंगाशी आली आहे.

२. सगळे फोन त्याच दोन तारांवर असल्याने कोणताही उचलला तरी सर्वांचे बोलणे ऐकू येते. समोरच्या तानाबाई या सोयीचा पुरेपूर लाभ घेतात. भाजी निवडून झाली की रिसिव्हर उचलतात, भांडी घासून झाली की उचलतात. अर्जदाराची कन्या वर्षाराणी नेसरीला दिली आहे. तिला आई नाही, जे काही बोलायचे ते बापाशीच. परवा सासूविषयी सांगताना तिने आवाज हळू केला, तर तानाबाईंनी मध्येच "मोठ्यानं बोल की गं, ऐकू येत न्हाय" अशी सूचना केली.

३. त्यात आता घंटाच वाजेनाशी झाली आहे. आकाराम यांच्या म्हणण्याप्रमाणे केंद्रातून घंटेपुरती येणारी वीज दोन-तीन फोनांना पुरते. सहांत वाटली की कोणाच्याच वाट्याला धड येत नाही. इकडे वर्षाराणीचे दिवस भरले आहेत. दुसरे बाळंतपण सासरीच आहे. पहिला फोन बापाला करायचा असे ठरले आहे आणि बापाचा फोन मुका. अर्जदारास घास गोड लागत नाही.

४. तरी पाचही जोड आपल्या माणसाकरवी तोडावेत. तानाबाईंना तोंडावर सांगण्याची अर्जदाराची छाती नाही. ते जमत नसल्यास, पिनेत चार तारा असून मधल्या दोनच कामाच्या असतात असे समजते. कडेच्या दोन आयत्या बसून आहेत. तानाबाईंचा फोन त्यांवर जोडावा. काही ऐकू येणार नाही, पण घरात फोन असल्याचे समाधान त्यांना राहील.

५. एवढे लिहून होते न होते तोच तानाबाई अनवाणी धावत आल्या. घंटा कोणाकडेच वाजली नव्हती. त्यांनी सवयीने रिसिव्हर उचलला, तर पलीकडे अर्जदाराचे जावई. घंटा मुकी असली तरी आलेला फोन तारेवर थांबलेला असतो, कोणी उचलला की लागतो. तानाबाई म्हणाल्या, "बाळासो, वर्षीला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. कागद काय लिवत बसलायस, ऊठ की." अर्जदाराला रडू आवरले नाही, त्यांनाही नाही.

सबब कलम ४ मधील विनंती तानाबाईंपुरती रद्द समजावी. इतर चार जोड खुशाल तोडावेत. तानाबाईंचा फोन आहे तसाच, मधल्या दोन तारांवर ठेवावा. घंटेचा भरवसा नाही, तानाबाईंचा आहे.

आपला,
नेसरीची गाडी गाठण्याच्या घाईतला,
बाळासो हंबीरराव साळोखे

सोबत : काही नाही. बर्फी परत आल्यावर.