कोरा कागद

आई गं,

तुझ्या वाचाळ अरांकाची घट्ट मिठी! खसखशीचा रोल पोचला आणि त्याच दिवशी फस्तही झाला.

इथे कोशित्सेच्या दवाखान्यात माझं झकास चाललंय. आपल्या रोमा बायकांना आत नेते, त्यांच्या वतीने बोलते. काल मार्गिताला बाळंतपणासाठी आणलं. नर्सबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "तुमच्या रोमा बायका शेवटच्या खोलीत." आणि इकडे खिडकीपाशी तीन खाटा रिकाम्या!

मी कोरा कागद पुढे सरकवला. "तिकडेच का, तेवढं लिहून सही करा."

"फार शहाणी लागून गेलीस!" बाई कडाडल्या, पण पेन काही उचललं नाही. मार्गिताला खिडकीपाशीच खाट मिळाली. मुलगी झाली, आवाज थेट तुझ्यासारखा.

कागद कोराच परत आला, बाबांनाही सांग.

त्यांचा खोकला कसा आहे? "आपल्याला कोण तपासतंय" म्हणून त्यांना घरी बसू देऊ नकोस. सोबत दोन कोरे कागद पाठवतेय. एकावर मला उत्तर लिही. दुसरा, डॉक्टर बाबांना दारातूनच परत पाठवायला लागले, तर त्या डॉक्टरांपुढे ठेव, म्हणावं कारण लिहून सही करा. तो कोराच राहील, बघ.

तुझीच,
अरांका