कान्याची कळ पाहून घेतलेले कॉम्प्युटर

१० नोव्हेंबर, सोमवार

जालन्याहून आत्ताच आले. माझ्या टायपिंग क्लाससाठी दहा कॉम्प्युटर ठरवले. वापरलेले — मला नवलाई नको, चालणारं यंत्र हवं.

भारतचं दुकान जुन्या जालन्यात, कापडवाल्यांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. माझाच विद्यार्थी. टायपिंग करताना पाय हलवायचा, म्हणून मी त्याला आठवडाभर उभ्याने टाइप करायला लावलं होतं. आता केस पांढरे झालेत. गिऱ्हाईक सोडून उठला, पाया पडला, स्टूल पुसलं, चहा मागवला. संस्कार टिकलेत!

माल दोन ओळींत मांडलेला. मागचे धुळकट, कळांवरची अक्षरं पुसट. तेच घ्या म्हणाला — कुठल्याशा ऑफिसातून आलेत, स्वतः उघडून तपासलेत, सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देतो. पुढचे मात्र लख्ख. त्यांच्याबद्दल म्हणाला, हा लॉट जसा आला तसा आहे, याची गॅरंटी न्हाई.

गॅरंटी कोणत्या मालाला चिकटवावी लागते हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. जो खपत नाही त्याला. इतकी वर्षं मी जुने टाइपरायटर घेत आले आणि एकदाही फसले नाही. परीक्षा एकच — कान्याची कळ बघायची. मराठीत काना सतत लागतो. ती कळ गुळगुळीत झाली की मशीन राबून थकलेलं. अक्षर ठसठशीत असेल तर खुशाल घ्यावं. पुढच्या ओळीतल्या प्रत्येक कळफलकावर मी बोट फिरवलं. काना ज्या कळीवर येतो ती कोरी करकरीत!

भारत म्हणाला, "मॅडम, त्याचं असं हाये की—"

"तू मला कळफलक शिकवणार?"

बराबर, म्हणाला.

लिहून काही घेतलं नाही. पाया पडणाऱ्याकडून सही मागायची म्हणजे आपणच आपली पायरी सोडायची.

१२ नोव्हेंबर

टेम्पो आला. नंदाबाईकडे संस्थेची झाडलोट आहे, आणि माझ्यावर टीका करण्याचं कामही तिने आपणहून घेतलंय. म्हणाली, "बाई, नवरीवानी नटवून धाडलेत की." दहाही सुरू झाले. मुलींचे चेहरे बघण्यासारखे होते.

महिनाअखेरीस तपासणी आहे. चालू कॉम्प्युटर पुरेसे नसले तर आमच्या घनसावंगीचं परीक्षा केंद्र जाणार आणि मुलींना जालन्याला बसावं लागणार. बाकीच्या रडत-कुढत जातीलही. मीनाचं काय?

मीना म्हणजे गावातल्या सर्जेरावांची सून. पोर सासूकडे ठेवून क्लासला येते. माझ्या इतक्या वर्षांत इतका वेगवान, इतका स्वच्छ हात मी पाहिलेला नाही. ही परीक्षा पास झाली की नोकरीचा अर्ज करू शकते. पण सर्जेराव सुनेला जालन्याला पाठवणार? अशी घरं मी ओळखते. केंद्र गावात आहे म्हणून तर ती शिकतेय. केंद्र गेलं की तिचा हात पुन्हा फक्त भाकरी थापायला.

ते मी होऊ देणार नाही. दहा कॉम्प्युटर उभे आहेत.

१७ नोव्हेंबर

तीन नंबरचा अर्ध्या तासात बंद पडतो. व्होल्टेजचा घोळ. इन्व्हर्टरवाल्याला बोलावून चांगलं झापलं.

१९ नोव्हेंबर

आता सात नंबरचाही. मीना म्हणाली, मॅडम, गरम वास येऊन राह्यलाय. टेबलफॅन जवळ लावला. इन्व्हर्टरवाला म्हणतो, माझ्या वायरीत काहीच खोट नाही. सगळेच असं म्हणतात.

२१ नोव्हेंबर

आज एकदम चार बंद. मीनाचा उतारा शेवटच्या ओळीवर होता. सगळा गेला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला मात्र राहवलं नाही. तीन नंबरचा डबा चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बसने जालना गाठलं. कंडक्टरने त्याचंही तिकीट लागेल म्हणून थट्टा केली. मी बघितल्यावर पुढे गेला.

भारतने डबा उघडला. आत धुळीचा कण नाही — हवा मारून साफ केलेला. बोर्डावरचे बारके बारके गोल डबे मात्र माथ्यावर फुगलेले, एक-दोन तर फुटून चिकट झालेले. वर्षानुवर्षं तापलं की असं होतं म्हणाला. बाहेरून रंग मारलेला. आणि कळफलक? कळफलक लॉटवाल्याने नवे कोरे लावून दिलेले.

"कीबोर्ड तर वेगळाच येतो, मॅडम. वायर काढली की निघाला."

हे मला ठाऊक होतं! रोज झाडताना नंदाबाई ती वायर काढते आणि मी लावते. तरी दुकानात माझं बोट गेलं ते कान्यावरच. टाइपरायटरची कळ मशीनबरोबर म्हातारी होते. इथे तसं काही नातंच नाही.

विचारलं, मग बोलला का नाहीस?

"सांगून राह्यलो व्हतो की. तुम्ही मधीच तोडलं."

"आणि तू तोडू दिलंस?"

"तुमच्यापुढं मी अजून उभ्यानंच टाइप करतो, मॅडम."

हे हसून म्हणाला. मला हसू आलं नाही. मागच्या ओळीतले मिळतील का, तर ते दुसऱ्याच दिवशी अंबडच्या एका क्लासने उचलले. दुरुस्त करून देतो म्हणाला, पण बोर्ड बाहेरून मागवावे लागतील, तपासणीआधी जमणार नाही. त्याची चूक शोधायची मला फार इच्छा होती. परतीच्या बसमध्ये घनसावंगी येईपर्यंत शोधली. सापडली नाही.

२५ नोव्हेंबर

तपासणी झाली. साहेब तरुण, बोलायला नम्र. दहापैकी पाच चालू, त्यातला एक त्यांच्यासमोरच गेला. केंद्र जालन्याला जोडलं. मी गयावया केली नाही. नियम तो नियम — मीही तेच केलं असतं.

२६ नोव्हेंबर

मुलींना सांगितलं, सरळ. चूक माझी आहे, हेही. आणि म्हटलं आता शिका: जुनं यंत्र घ्यायचं तर दुकानातच उघडून दाखवायला लावा. दोन-तीन तास चालवून बघा, पाच मिनिटं नाही. बाहेरच्या रंगावर जाऊ नका. आणि गॅरंटी लिहून घ्या. दुकानदार ओळखीचा असला तर सगळ्यात आधी घ्या, कारण ओळखीच्याशी नंतर भांडताही येत नाही.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मीनाने मान खिडकीकडे फिरवली. मला बघवलं नाही.

पण मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. उद्या सर्जेरावांकडे जाते. मीनाला मी स्वतः नेईन, स्वतः घरी आणून सोडीन. नाही म्हणून तर बघावं!

२७ नोव्हेंबर

सर्जेरावांना पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पन आमी कवा अडवलं, मॅडम? फारम भरताना मीच म्हनलो व्हतो, जालना टाक, तिथल्या मशीनी चांगल्या हायेत, गाडीवर नेऊन सोडतो. हिनंच घनसावंगी लिव्हलं."

मीना पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. विचारलं, खरं का?

"सगळ्याच मुलींना जालना पाहिजे होतं, मॅडम. तुम्हाला सांगायचं कुणी, यावरच अडलं होतं."