पहिले दोन आटे

रविवार, ३. दुपार.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भर रस्त्यात आमच्या गाडीचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं. हे पान्यावर उभे राहून नट सोडवत होते आणि मी दगडावर बसून नट सांभाळत होते. तास गेला. दोघांनाही घाई नव्हती. आज ते आठवलं, कारण मुलगा म्हणाला, आई, गाडी विकू या. वाटेत चाक बसलं तर काय करशील? मी म्हटलं, बदलीन. तो म्हणाला, मग पुढच्या रविवारी माझ्यासमोर बदलून दाखव, नाहीतर किल्ली माझ्याकडे. हो म्हटलं. गाडी गेली तर चिमणीकडे कशी जाणार? शाळेत दहा वर्षं आम्ही एका बाकावर. आता ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. तिथे बस जात नाही. दर गुरुवारी मी जाते. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. मला अर्थात भरपूर लोक आहेत.

सोमवार, ४.
नट फिरवायचं बॅटरीवरचं मशीन, इम्पॅक्ट रेंच, आणलं. माहितीपुस्तक दोनदा वाचलं. कोणतीही सूचना दोनदा वाचायची, ही आमच्या शाळेतल्या सिस्टरांची शिस्त. गॉगल घालावा. सैल बाही गुंडाळावी. नटावर बसणारी गोटी बदलताना बॅटरी काढावी. सगळं पाठ. जवळजवळ एक्स्पर्ट झाले आहे.

मंगळवार, ५. सकाळी १०.
चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर. हे फार थोड्यांना माहीत असतं. ट्रिगर दाबला. काय तो खडखडाट! पाचही नट हलले.
दुपारी कळलं, बाणाचं बटण उलट्या बाजूला होतं. पाचही आणखी घट्ट झाले. पण हात बसला.

बुधवार, ६.
बाण बदलला. दोन सुटले. तिसऱ्याला यांच्या पेटीतली चकचकीत गोटी तडकली, तुकडा गॉगलवर आपटला. म्हणजे सेफ्टीत मी पास. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, वहिनी, ही हाताच्या पान्याची गोटी, मशीनला जाड काळी लागते. स्वतःची दिली. वर म्हणाला, बसवताना मात्र पहिले दोन आटे बोटांनीच फिरवा; मशीनला जोर आहे, नट तिरका चाललाय हे बोटांनाच कळतं. मी म्हटलं, माहीत आहे.

गुरुवार, ७.
चिमणीकडे गेले नाही. प्रॅक्टिस महत्त्वाची. तिचा फोन आला, आज गुरुवारच ना गं? मी म्हटलं, पुढच्या खेपेला जास्त वेळ बसेन.
प्रॅक्टिस झाली नाही. बोटं सकाळपासून आखडलेली. थंडी आहे.

शुक्रवार, ८. सकाळी ११.
पाचही सुटले! जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी चढवली. एकटीने. मुलाला उगाच रविवारपर्यंत थांबवलं.
११.४०. पहिला नट बोटांत राहत नाही. चार वेळा गाडीखाली गेला. नट चांगल्या क्वालिटीचे नाहीत.
१२.१०. युक्ती केली. नट गोटीतच धरून थेट मशीनने लावला. सरसर गेला.
१२.१२. तिरका गेला. मी दाबतच राहिले. ज्यावर नट चढतो तो स्टडच तुटला.
१२.३०. आमच्याकडे गाड्या एकामागे एक लावतात. बाहेरच्या बाजूला माझी, आत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांची. ते म्हणाले, काकू, तिकडे माझे पेशंट तोंड उघडून बसलेत, मी इथे अडकलोय. मी म्हटलं, डॉक्टर, मीही अडकले आहे. असं का म्हटलं, कोण जाणे.

शनिवार, ९.
घराबाहेर पडले नाही. पडायचं असतं तर पडले असते. खिडकीतून गाडी दिसते, एक पाय उचललेली. पडदा लावला. गॅरेजवाल्याला बोलावणार नाही, तो मुलाला सांगेल. डॉक्टर टॅक्सीने गेले. जाताना वर पाहिलंसुद्धा नाही. मुलाला मेसेज केला: तयारी पूर्ण.

रविवार, १०. संध्याकाळ.
डॉक्टरांनीच कळवलं असणार. मुलगा गॅरेजवाल्याला घेऊनच आला. अर्ध्या तासात नवा स्टड बसला. मग मुलगा म्हणाला, आई, मशीन राहू दे, एकच नट हाताने लाव. तीनदा पडला. मी म्हटलं, थंडी आहे रे. तो म्हणाला, आई, तुला घाम आलाय. चौथ्यांदा त्यानेच उचलला, लावला, आणि माझी बोटं हातात घेऊन तिथेच फरशीवर बसला. कधीपासून, म्हणाला. मी म्हटलं, कधीपासून काय? गॅरेजवाला उगाचच हत्यारं पुसत राहिला.

किल्ली दिली. तशीही मी गाडी विकायच्या विचारात होतेच.

काळी गोटी गॅरेजवाल्याची, त्याला परत. मशीनही त्यालाच. गॉगल डॉक्टरांना, माफीसकट. माहितीपुस्तक मुलाला, त्याने दोनदा वाचावं. मागच्या सीटवरची शाल चिमणीला. कोणी टेकडीकडे जाणार असेल तर गुरुवारी द्यावी, शक्यतो चारच्या आत. तीनपासून ती खिडकीत बसते.