बायकांच्या दाराशी काढलेला जोडा

प्रिय यमुनाच्या आईस,

'प्रिय' लिहिलं खरं! तू होतीस तेव्हा एकदाही तोंडातून निघालं नाही, आणि आता कागदावर लिहितोय. हसू नकोस.

मानवतचे मामा ओसरीवर घोंगडी टाकून झोपलेत. यमुनासाठी जो मुलगा ठरत आलाय, त्याच्या आईचे हे सख्खे भाऊ. सकाळी बोरीला आले, निरोप सांगितला, जेवले आणि आडवे झाले. उठले की त्यांना माझं उत्तर हवंय. यमुनाची सोयरीक राहते की मोडते ते त्या उत्तरावर आहे. असं काही आलं की मी तुझ्याकडे बघायचो आणि तू बोलायचीस. आज कुणाकडे बघू? म्हणून लिहायला बसलो.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

तू हिवतापानं गेलीस त्यानंतर काही महिने मी ठीक होतो, निदान लोकांना तसं वाटलं. मग एकेक सुरू झालं. पहाटे जाग यायची ती छातीत धडधड घेऊनच. घास तोंडात नुसता फिरायचा. तूर फुलली तरी शेताकडे बघावंसं वाटेना. चारचौघांत बसलो की वाटायचं, आता श्वास अडकणार, आता मी मरणार, आणि हे सगळे पान खात बघत बसणार! कोणी विचारलं तर सांगायचो, पोटाचं आहे. पोटाचं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

खरं सांगितलं असतं तर? पाटलाच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे गावभर व्हायला एक दुपार पुरते. आणि घरात वेड आहे असं एकदा झालं, की यमुनाला कोण करून घेणार? रोज हाच घोर. झोप उडवायला तेवढा पुरेसा होता.

मग एकदा बांधाच्या भानगडीत परभणीला अदालतीत जावं लागलं. पायऱ्यांवरच हातपाय गार पडले, दरदरून घाम सुटला, मी मटकन खाली बसलो. लोकांनी उचलून जवळच्या हकीमसाहेबांकडे नेलं. म्हातारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, आवाज अगदी हळू. कितीतरी वेळ नाडीवर बोटं ठेवून बसले. मी म्हटलं, पोटाचं आहे.

"पेट का हाल तो नब्ज बोल दी, पाटील," ते म्हणाले. "पेट में कुच नै. बाकी का हाल कौन बोलेगा?"

त्यांनी एक सरबत दिलं. म्हणाले, यानं झोप लागेल, पण दुखणं यानं जायचं नाही. दर गुरुवारी या आणि बोला. मला वाटलं होतं ताईत देतील, दोरा बांधतील, फार तर कडू पुड्या देतील. बोला म्हणजे काय? बोलून कोणाचं दुखणं गेलंय? मला तर तुझ्याशी बोलता आलं नाही कधी, परक्याशी काय बोलणार?

तरी गेलो. दोन गुरुवार त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो. पाऊसपाण्याचं बोललो, कापसाच्या भावाचं बोललो, लढाईमुळे रॉकेल मिळत नाही त्याचं बोललो. मागे माणसं खोकत बसलेली. आतलं एक अक्षर बाहेर आलं नाही. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "उधर पडदे के पिच्छे बैठो. मेरे कू तुमारा मूँ देखने का नै, बात सुनने का है."

अगं, तो पडदा बायकांचा! त्यांच्या खोलीत मधोमध जाड पडदा आहे. अलीकडे हकीमसाहेब बसतात. पलीकडे बायका, त्या मागच्या गल्लीतल्या दारानं येतात आणि नाडी दाखवायला पडद्याखालून हात पुढे करतात. दुपारी बायका गेल्या की तिथं मी! एवढ्या मिशांचा बोरीचा पाटील, बायकांच्या दाराशी जोडा काढून बायकांच्या सतरंजीवर. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

पण खरं सांगतो, त्या पडद्याआड माझं तोंड उघडलं. समोर कोणाचे डोळे नव्हते ना! नुसतं कापड. मी त्या कापडाला सांगत सुटलो.

वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. कसलं हलकं! त्या दिवशी येताना झरीच्या पुढे मोटार थांबवायला लावून ओकलो. दोन दिवस अन्न गेलं नाही, यमुनावर कारण नसताना खेकसलो. पुढच्या गुरुवारी जाऊन भांडलोच त्यांच्याशी. म्हटलं, तुमच्याकडे येऊन वाढलंय हे! ते म्हणाले, "पैले पैले जास्ती दुखेगा. भागना नक्को." बरं, बरं कधी वाटणार? तर म्हणे, "जवारी पेर के दुसरे दिन खोद के देखते क्या?"

आणि गप्प बसतात तर किती! मी थांबलो की तेही थांबतात. सल्ला नाही, समजूत नाही. एकदा चिडून विचारलं, "झोपलाव का काय तिकडं?" पलीकडून आवाज आला, "जागा हूँ, पाटील. बोलो."

एक दिवस त्यांनी सरळ विचारलं, "बावली की तरफ जी जाता क्या?" बावली म्हणजे विहीर. असं कोणी कोणाला विचारतं का? पण विचारलं, आणि मी "हौ" म्हणालो. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन मी उभा राहायचो गं. बऱ्याचदा. तुला सांगायला लाज वाटते. हकीमसाहेब रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. एवढंच म्हणाले, तिकडे एकटे जाऊ नका, आणि घरातल्या एका माणसाला हे सांगा. विहीर टाळली मी. पण सांगणार कोणाला? घरात यमुनाशिवाय आहे कोण? पोरीला सांगू हे? नाही सांगितलं.

गावात सांगितलंय, मुकदमा आहे. दर गुरुवारी तारीख! निजाम सरकारच्या अदालतीत एवढ्या तारखा कोणाला पडल्या नसतील. लोक विचारतात, "पाटील, कुठवर आलाय मुकदमा?" मी म्हणतो, चाललाय. आता तर दोघंतिघं माझ्या बाजूनं साक्ष द्यायलाही तयार झालेत!

तो जोडा आठवतो ना तुला? लाल गोंड्याचा, करकर वाजणारा. तूच हट्टानं शिवून घ्यायला लावलास. मानवतची मंडळी यमुनाला बघायला आली तेव्हा मी तोच घातला होता. बोलायला तू नव्हतीस, मी नुसता आतबाहेर करत होतो. मुलाची आई हसून म्हणाली, "पाव्हणं बोलंनात, जोडाच बोलायलाय!" बाई मोकळ्या वाटल्या. मुलगी पसंत पडली. सुपारी फुटायची तेवढी राहिली.

आणि गेला गुरुवार उजाडला.

हकीमसाहेबांनी त्या दिवशी तुझ्या शेवटच्या दिवसाचं विचारलं. तू पाणी मागितलंस. मी पाजलं. तू म्हणालीस, "यमुनाकडं बघा." आणि मी म्हणालो, "हूं." एवढ्या वर्षांच्या संसारात माझा शेवटचा शब्द तो! हे सांगताना मला जे रडू फुटलं ते आवरेना. हंबरडा फोडून रडलो. तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खोकलं. बाईचा खोकला होता.

कसाबसा उठून बाहेर आलो, तर जोडा जागेवर नाही! पायरीवर एक बाई पदर पुढे ओढून बसलेली. तिनं मान वर केली. मानवतच्या विहीणबाई. मुलाची आई!

"दाराआड हाय तुमचा जोडा," त्या म्हणाल्या. "गल्लीतून माणसं जायलीत, यायलीत. कुनी वळखला असता, म्हणून आत घेतला."

मी जोडा पायात सरकवला. त्या उठल्या. आत जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी रडलाव ते म्या ऐकलं न्हाई. आता म्या रडन ते तुमी ऐकू नका. जावा."

मी निघालो. घरी येईपर्यंत मनात एकच, संपलं! बाई चांगल्या वागल्या, जोडासुद्धा लपवला. पण म्हणून वेड्याची पोरगी सून करून घेतील? तेव्हापासून दारात कोणी आलं की काळजात धस्स व्हायचं.

आज मामा आले. पाणी घेतलं, चहाला नको म्हणाले. मला तीच धडधड सुरू झाली. मामा पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलले, "बहिणीनं विचाराया लावलंय. तुमी तिला तिथं बघितलंव. तिला लय दिवसांपासून तेच दुखणं हाय. आता त्या घरात पोरगी द्यावी वाटती का न्हाई, मोकळ्या मनानं सांगा. न्हाई म्हणलाव तर पत्रिका जमली न्हाई म्हणून सांगू. तुमचं नाव निघायचं न्हाई."

ऐकलंस? गुरुवारपासून मी भ्यालोय की त्या सोयरीक मोडतील. आणि ती बाई तिकडे मानवतला बसून भ्यालीय की मी मोडीन!

मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. पहिला विचार आला तो हा, की दुखणाईत सासूच्या हाताखाली माझी पोरगी कशी देऊ? आधी बाप असा, वर सासूही तशीच? लोकांनी माझ्याबद्दल जे म्हणू नये म्हणून मी इतके दिवस जीव जाळला, तेच मी त्या बाईबद्दल म्हणत होतो, माझ्याच ओसरीवर बसून. माझीच मला चीड आली. पण चीड आली म्हणून काळजी थोडीच जाते? पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

सांग, काय सांगू मामांना? तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरीला विचारा. पण विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागेल. विहिरीसकट.

*

मघाशी इथवर लिहिलं आणि उठलो. आता पुन्हा बसलोय. मामा अजून घोरतायत.

यमुना परसात डाळ पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. इथं पडदा नव्हता, म्हणून तिच्या सुपाकडे बघत बोललो. गुरुवारचं सांगितलं, मानवतचं सांगितलं. मुकदमा खोटा आहे हे सांगितलं. शेवटी विहिरीचं सांगितलं. सूप थांबलं.

"ठावं हाय मला, आबा," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"विहिरीचं. तुमी मळ्याकडं निघालाव की मी कळशी घिऊन मागं यायची."

मग मला आठवलं. मी वळून बघायचो तेव्हा पोरगी वाटेवर दिसायची. मी ओरडायचो तिच्यावर, घरच्या आडाला पाणी असताना एवढ्या लांब कशाला येतेस म्हणून! ती म्हणायची, मळ्यातलं पाणी गोड हाय. आणि मी खुळा ते खरं मानायचो! केवढीशी पोर आपली! एकटीनं हे धरून बसली होती गं, कोणाला न सांगता. अगदी माझ्यावर गेलीय.

मी विचारलं, "मानवतचं काय करू?"

"त्यांनी आपणहून सांगून पाठवलं न्हवं? मंग त्या घरात काय दुखलं तर सांगता येतंय. मला चालंल." असं म्हणून तिनं सूप खाली ठेवलं. "पर मी गेल्यावर तुमच्या मागं कोन यायचं?"

माझ्या तोंडापर्यंत 'हूं' आलं होतं. गिळलं. म्हटलं, "गुरुवार चुकवायचो न्हाई. आन जीव घाबरला तर गुरुवारची वाट बघायचो न्हाई, तसाच निघन."

"शपथ कुनाची?"

"तुझ्या आईची."

"मंग तिलाच सांगा," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुन्हा पाखडायला लागली.

म्हणून तुला सांगतोय. मामा उठलेत, चूळ भरतायत. मी जाऊन हो म्हणतो आणि विहीणबाईंना निरोप देतो की पोरगी त्यांची आहे. तोंडानं सांगतो, या वेळी जोड्यावर सोपवत नाही.

मी पुरता बरा झालोय असं समजू नकोस. आज सकाळीही छाती धडधडली, उद्याही धडधडेल. पण येत्या गुरुवारी जोडा पायरीवर, गल्लीला दिसेल असा काढीन. कोणी विचारलं मुकदमा कुठवर आला, तर मुकदमा नाही म्हणून सांगीन. मळ्यातल्या विहिरीवर एकटा जाणार नाही. तसं वाटलं तर मिळेल ती मोटार धरीन, मोटार नसली तर बैल जुंपीन, वार कुठलाही असो, आणि परभणीला जाऊन त्या पडद्याआड बसेन. यमुना सासरी गेल्यावर माझ्या मागे कळशी घेऊन यायला कोणी नाही. हे पक्कं लक्षात ठेवीन.

तुझा,
यमुनाचा बाप