तळघराची किल्ली आणि सुपातली वाईन

मी, दिर्चे मालागोली, कै. अर्मांदोची बायको, वय छप्पन्न, राहणार सोर्बाराजवळ, जिल्हा मोदेना, धंदा खानावळीचा. शाळा तिसरीपर्यंत, पण डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर धाकटे दीर आदेल्मो यांनी केव्हाच माझी सही घेतली असती. सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही, म्हणून हे मृत्युपत्र लिहायला बसले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. टाकून बघावा.

१. घर आणि खानावळ मुलगा इव्हो याला. कायद्याने त्याचं आणखी काही निघालं, तर तेही त्याने घ्यावं. तक्रार करू नये.

२. आदेल्मोने माझ्या लग्नात दिलेले उंच काचेचे पेले त्याचे त्याला परत. एकदाही वापरले नाहीत. आमची लाम्ब्रुस्को, ही फेसाळ लाल वाईन, पांढऱ्या वाडग्यातून प्यायची असते, हे त्याच्या आईने त्याला दुधाबरोबर शिकवलं होतं. आता तो तिच्यात बर्फ टाकतो आणि वर मासा खातो. "वहिनी, जग बदललं," म्हणतो. बदलू दे. पण आपल्या वेली आणि तळघर त्या गोड वाईनवाल्या कारखान्याला विकायचं खूळ त्याने इव्होच्या डोक्यात भरवलंय, ते होणार नाही. सरबत प्यायचं असेल तर लिंबं स्वस्त आहेत.

३. शेजारच्या नोरीनाने नेलेलं लाटणं परत आणावं. ती या कागदाची साक्षीदार आहे, म्हणजे तिने हे वाचलंय.

४. कारखान्याला काही विकलं जाऊ नये म्हणून वेली, तळघर, पिंप आणि बाटल्या सून लिदिया हिला, मी मेल्यावर. किल्लीसकट.

लोक विचारतील, ती लांबच्या तूरिन शहरातली, तिला का? बरोबर आहे. तिच्या इथल्या पहिल्या नाताळात माझ्या सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कोंबडीच्या गरम सुपात वाईन ओतली. हिला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला. "राहू द्या बाबा, मी दुसरं आणते," म्हणून हिने वाडगा उचलला आणि मोरीत रिकामा केला. सासरे एवढंच म्हणाले, "पोरी, आता मलाही ओतून ये." त्या दिवसापासून गावात तिचं नाव मोरीवाली. ते मीच पाडलं.

पण गेल्या मे महिन्यात उकाडा झाला आणि तळघरात बाटल्या फुटायला लागल्या. मार्चमध्ये भरलेली वाईन बाटलीत पुन्हा आंबते, तो तिचा स्वभावच आहे. इव्हो दारात उभा राहून बंबवाल्यांना बोलवा म्हणत होता. लिदियाने तांब्याचं पातेलं डोक्यावर घातलं, ओली पोती घेतली आणि खाली उतरली.

"अगं, वर ये!" मी ओरडले.

"आई, हळू बोला. बाटल्या आधीच बिथरल्यात."

बाटल्यांवर पोती टाकून वर आली तेव्हा कोपरापर्यंत फेस. मनगट चाटून म्हणाली, "हिच्याबरोबर आत्ता गरम कोतेकिनो पाहिजे." डुकराचं ते तेलकट सॉसेज तोंड माखतं आणि ही वाईन ते धुऊन टाकते, मग पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "आधी फरशी पूस."

उलिस्से खाटीक साक्षीला इथे बसलाय, तो म्हणतो, "दिर्चे, हे तिला आत्ताच सांग की." जिवंतपणी सुनेचं कौतुक केलं की पुढे जन्मभर ते ऐकावं लागतं, हे त्याला कळत नाही. त्याला सून नाही.

५. माझ्या मयताच्या जेवणाला सूप कोंबडीचं असावं, फुलं कमी असावीत. आदेल्मोला मासा देऊ नये.

दुरुस्ती. हे लिहिताना लिदिया सुपाचा वाडगा घेऊन आली. न विचारता बाटली उघडली, गाळ न हलवता दोन बोटं वाईन सुपात ओतली आणि म्हणाली, "गरम आहे तोवर घ्या. मार्चमध्ये बाटल्या भरायच्यात, तुम्ही नसलात तर मला शिव्या कोण देणार?"

मी किल्ली तिच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"इस्पितळात उशाखाली टोचेल."

तरी कलम ४ मधले "मी मेल्यावर" हे शब्द खोडले आहेत. खोडाखोड माझ्या हातची, शुद्धीत केलेली.

साक्षीदार: उलिस्से बार्बिएरी, खाटीक (सही)
नोरीना गोल्दोनी, शेजारीण (सही, लाटणं उद्या आणते)

दिर्चे मालागोली (सही)
सोर्बारा, १२ फेब्रुवारी १९८१