काकांचं मशीन

मंगळवार, संध्याकाळ

घरी आल्यापासून चहासुद्धा केला नाही. डोक्यातून जातच नाही.

शुक्रवारी म्हात्रे काका रिटायर झाले. त्यांच्या पॅकिंग मशीनच्या डिझाइनची कॉपी मीच घेतली. "सगळं आलं ना गं?" काकांनी विचारलं. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधली फाइल उघडून दाखवली. अख्खं मशीन स्क्रीनवर फिरलं.

आज वागळे इस्टेटला, ऑफिसात, माझ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. पार्टची नुसती नावं आली, आकार एकाचाही नाही. मी फक्त जोडणीची मुख्य फाइल उचललेली, कुठला पार्ट कुठे बसतो एवढंच सांगणारी. चारशे पार्टच्या फाइली काकांच्या फोल्डरमध्येच राहिल्या, आणि त्या दिवशी मशीन दिसलं ते तिथूनच. उघडून बघितलेलं ना मी? बघितलेलं, पण कुठे? आणि शनिवारी तो कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, माझ्याच सांगण्यावरून. दुपारभर शोधलं, दुसरीकडे कुठेच काही नाही.

काका डिझाइनमध्ये एकेका बोल्टचे आटेसुद्धा काढायचे. मी हसायचे त्यांना. सहा वर्षं लागली त्या मशीनला.

सहा वाजता डोंबिवलीहून त्यांचाच फोन. "अगं, हिने माझं मशीन कधी बघितलंच नाही. शनिवारी घेऊन येऊ का तिला? स्क्रीनवर फिरवून दाखवशील?"

सांगायला हवं होतं. तोंडही उघडलेलं मी.

"या ना काका," म्हणाले.